वाटीखालचा माउस

लिफ्टच्या बटणावर काकांचा कायमचा राग होता. आमचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, आणि गुडघे कुरकुरत असूनही काका जिन्यानं यायचे. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, व्यायाम करत असतील. अमेरिकेत हयात घालवलेली मराठी माणसं एकतर रोज चालतात, नाहीतर रोज चालण्याबद्दल बोलतात. पण काकांचं कारण निराळं होतं.

"दाबलं की लागलंच," कठड्याला धरून दम खात ते म्हणाले. "माणसाला मन बदलायला सवडच नाही. हे बटण माझ्याकडे तपासायला आलं असतं ना, तर मी परत पाठवलं असतं."

मी हसले. ते हसले नाहीत. तेव्हाच ओळखायला हवं होतं की हे प्रकरण साधं नाही.

काकांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि तसंही ऑफिसातल्या आम्हा चारदोन मराठी माणसांत ते नुसते काकाच होते. अमेरिकेतल्या कॅरी गावातली आमची कंपनी औषधांच्या प्रयोगशाळांमधली यंत्रं चालवायचं सॉफ्टवेअर करते. यंत्राशेजारी टेबलावर एक कॉम्प्युटर असतो, त्यावर आमचा प्रोग्रॅम चालतो. त्यातला माउसचा सगळा कारभार काकांकडे होता. डावं बटण दाबलं, उजवं दाबलं, पटकन दोनदा दाबलं, दाबून ओढलं, ओढता ओढता सोडलं, या प्रत्येक गोष्टीची बातमी प्रोग्रॅमला कशी पोचवायची आणि पोचल्यावर त्यानं काय करायचं, हे काका ठरवायचे. एवढ्याशा एका विषयावर माणसानं सगळी नोकरी काढावी याची मला आधी कीव आली. पुढे पुढे हेवा वाटायला लागला. माझ्याकडे असं माझं म्हणण्यासारखं काहीच नव्हतं.

नवीन आलेल्या प्रत्येकाची ते परीक्षा घ्यायचे. माझी पँट्रीत घेतली, कॉफीच्या मशीनपाशी.

"कुठली तू?"

"नागपूर."

"बरं, नागपूरकर. डिलीटच्या बटणावर माउस दाबलास. फाइल उडवायची कधी?"

"दाबल्यावर. आणखी कधी?"

"चूक. सोडल्यावर. तेही त्याच बटणावर सोडलं तर."

मला हाताला धरून, म्हणजे अक्षरशः मनगटाला धरून, त्यांनी आपल्या खुर्चीत नेऊन बसवलं. पडद्यावरचं बटण दाबायला लावलं. ते दबून खाली गेल्यासारखं दिसलं. "बोट उचलू नकोस. आता तुझ्या मनात आलं, नको उडवायला. काय करशील?" मी एस्केपचं बटण शोधायला लागले. "माउस बाजूला ने. ने की! बटणाच्या बाहेर. आता सोड." सोडलं. काही झालं नाही. फाइल जागच्या जागी होती.

"बघ," काका म्हणाले, "कुणाची परवानगी नाही, कुणाची माफी नाही. नुसतं बाजूला सरकायचं."

कॉलेजपासून मी कॉम्प्युटर वापरत होते आणि हे असं हजारदा केलं असेल, पण असं कुणी करून दाखवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांची शिष्य झाले, म्हणजे त्यांनी तसं ठरवून टाकलं.

हा नियम काका सगळीकडे लावायचे, आणि तिथेच लोक वैतागायचे. इंडियन स्टोअरमध्ये ते मेथीची जुडी हातात घेऊन उभे राहायचे. टोपलीत टाकायचे नाहीत, परत ठेवायचे नाहीत. मागे बायका गाड्या घेऊन खोळंबलेल्या. "काका, घेताय ना?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "धरली आहे फक्त." हॉटेलात ऑर्डर देताना तेच. पोरगी पेन घेऊन उभी, काकांचं बोट मेनूतल्या इडलीवर, आणि पाच माणसांची भूक खोळंबलेली. मला त्यांचा इतका राग यायचा की शेवटी मीच त्यांच्यासाठी मागवायला लागले.

महाराष्ट्र मंडळाच्या वेबसाइटवर कुणीतरी हौसेनं लिहिलं होतं, दिवाळीच्या नोंदणीसाठी इथे टिचकी मारा. काकांनी अध्यक्षांना फोन केला. "टिचकी मारतात ती कॅरमच्या स्ट्रायकरला," ते म्हणाले. "ती एकदा सुटली की गेली. क्लिक दोन भागांची असते. लोकांना चुकीचं काही शिकवू नका." अध्यक्षांनी हो हो म्हटलं आणि पुढच्या वर्षी काकांना दिवाळीचा ईमेल गेलाच नाही. मुद्दाम झालं की चुकून, मला माहीत नाही. काकांनी चौकशी केली नाही. मी डब्यातून चकल्या नेल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "झाली वाटतं दिवाळी?"

दुपारी ते पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत बसून जेवायचे. दहीभात आणि लिंबाचं लोणचं, बारा महिने तेच. काचा वर केलेल्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कसंतरीच झालं. मी काचेवर टकटक केली तर त्यांनी काच अर्धी खाली केली आणि विचारलं, "काही अडलंय का?" काही अडलं नव्हतं. मी तशीच परत आले.

मीही तेव्हा एकटीच होते. माझ्या नवऱ्याची नोकरी दूर प्लेनोला, माझी कॅरीला. महिन्या दोन महिन्यांनी कुणीतरी विमानात बसायचं आणि दोन दिवस एकमेकांच्या सवयींवर चिडून परत यायचं. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. पण काकांचं टेबल माझ्या पार्टिशनच्या पलीकडे होतं आणि काका क्लिक ऐकायचे. खरंच ऐकायचे. कोण कामात आहे, कोण उगाच इकडेतिकडे करतोय, कोण रागात आहे, हे त्यांना माउसच्या आवाजावरून कळायचं. एका सकाळी पार्टिशनवरून डोकं वर आलं.

"नागपूरकर, आज दाबतेस जोरात आणि सोडतेस उशिरा. भांडण झालं का?"

मी म्हटलं, "काका, काम करू द्या."

डोकं खाली गेलं. थोड्या वेळानं पार्टिशनवरून एक डिंकाचा लाडू आला, टिश्यूत गुंडाळलेला. फ्रीजमध्ये फार दिवस राहून दगड झाला होता. मी तो दातांनी फोडून खाल्ला आणि रडू आवरायला बाथरूममध्ये गेले. आईसारखं ओळखणारं माणूस मला त्या देशात भेटलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट. मीटिंगमध्ये काका एरवी गप्प असायचे, पण हाताच्या थरथरीवरून भांडायला उठायचे. माउस दाबलेला असताना हात जरासा हलला, तर ते ओढणं समजायचं की नाही? कुठेतरी एक मर्यादा ठरवावी लागते, तेवढं हललं तर चालेल, त्यापुढे गेलं तर ओढणं. सगळं जग जी मर्यादा वापरतं तिच्यापेक्षा काकांची बरीच सैल होती. मॅनेजर म्हणायचा, एवढी कशाला? काका म्हणायचे, "कारण सगळ्यांचे हात तुझ्यासारखे नसतात." कुणाचे हात, ते सांगायचे नाहीत.

काकांना खरं चिडलेलं मी एकदाच पाहिलं. एका प्रयोगशाळेतून तक्रार आली, पंपाचा वेग आपोआप वाढतो. टेबलावरून रसायन ओसंडून जमिनीवर आलं होतं. कुणाला लागलं नाही, पण फोन मात्र फार मोठ्या आवाजात आला होता. पडद्यावर वेग कमीजास्त करायची एक पट्टी होती, ती कधीकाळी बाहेरून आणलेल्या माणसांनी लिहिली होती आणि काकांच्या नजरेखालून गेलीच नव्हती. आम्ही सगळे मीटिंगच्या खोलीत बसून डोकं खाजवत होतो. काका आले, त्यांनी पट्टीवर माउस दाबला, ओढत ओढत प्रोग्रॅमच्या खिडकीच्या बाहेर नेला आणि तिथे बटण सोडलं. मग रिकामा माउस परत आत आणला. पट्टी माउसच्या बाणाला चिकटून त्याच्यामागे फिरायला लागली. बटणाला कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं.

"दाबल्याची बातमी याला मिळाली," काका म्हणाले. "सोडल्याची मिळालीच नाही, कारण ते याच्या खिडकीबाहेर झालं. हात केव्हाच निघून गेलाय आणि याला पत्ताच नाही. हा आपला समजतोय, आहे अजून. आहे अजून!"

शेवटचं ते मराठीतच ओरडले. मॅनेजर माझ्याकडे बघायला लागला. काका उठले आणि निघून गेले. एकदा बटण दाबलं गेलं की ते सुटेपर्यंत हात कुठेही जावो, त्याची खबर ठेवायची, एवढीच दुरुस्ती होती. ती त्यांनी स्वतः केली, मला हात लावू दिला नाही. संध्याकाळी पार्टिशनवरून डोकं वर आलं. डोळे लाल होते.

"शनिवारी जेवायला ये. वरणभात करतो. दुसरं काही येत नाही मला."

काकांनी कुणाला घरी बोलावल्याचं मी ऐकलं नव्हतं. कॅरीतल्या घरांसारखंच घर, समोर हिरवळ, दोन गाड्यांचं गॅरेज. आत सगळं आवरलेलं. टेबलावर दोन ताटं, त्यातल्या एकावर अजून दुकानाचं लेबल. माझ्यासाठी नवं आणलं होतं.

जेवणाच्या खोलीच्या कोपऱ्यात एक जुनापुराणा कॉम्प्युटर घूं घूं करत होता. पडदा काळा. इंटरनेटची वायर काढून बाजूला गुंडाळून ठेवलेली. आणि माउसच्या जागी एक मोठी स्टीलची वाटी पालथी घातलेली. मला वाटलं, झुरळ वगैरे धरून ठेवलंय. मी वाटी उचलायला हात पुढे केला.

"हात नको!"

मी चटका बसल्यासारखी मागे सरकले. काका वरणाची पळी घेऊन दारात उभे होते. मग त्यांनी पळी ठेवली, हात पुसले, येऊन पडद्याचं बटण दाबलं.

ठिपक्यांची रांगोळी होती. काळ्यावर पांढरे ठिपके, आणि त्यांना जोडत आलेल्या रेघा. कमळ असावं. पाकळ्या फिरून फिरून जवळजवळ पहिल्या जागी आल्या होत्या. शेवटच्या पाकळीची एक रेघ एका ठिपक्यातून निघून मधेच थांबली होती, आणि तिच्या टोकाला बाण होता.

काकूंचे हात थरथरायचे. डॉक्टरांनी नाव दिलेला तो आजार होता, वाढत जाणारा. रांगोळी चिमटीतून सांडायला लागली तेव्हा काकांनी त्यांना हा प्रोग्रॅम लिहून दिला. एका ठिपक्यावर दाबलं की रेघ निघायची, दुसऱ्या ठिपक्यावर दाबून सोडलं की जोडली जायची. हात मधे कितीही थरथरला तरी रेघ सरळ. आणि मधेच बोट सुटलं, हात टेबलाखाली गेला, तरी रेघ तुटायची नाही.

"सुटल्याकडे लक्षच द्यायचं नाही, असं लिहिलंय मी," काका म्हणाले. "दुसरा ठिपका मिळेपर्यंत रेघ तिची वाट बघते. जगातल्या कुठल्याही परीक्षेत हा प्रोग्रॅम नापास होईल. पण तिला पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं नाही."

एके दिवशी काकू रांगोळी काढत होत्या आणि कपडे वाळवायच्या ड्रायरचा बझर वाजला. आले हं, म्हणून त्या त्यातले कपडे काढायला उठल्या. लाँड्रीच्या खोलीतच पडल्या. हॉस्पिटलमधून त्या घरी आल्या नाहीत. काका सगळं आटपून, माणसं गेल्यावर, त्या खुर्चीत बसले आणि त्यांचा माउसला धक्का लागला. पडदा उजळला. बाण हलला तशी रेघ त्याच्यामागे हलली.

"म्हणजे तिनं दाबलेलं अजून चालूच होतं," ते म्हणाले.

तेव्हापासून तो कॉम्प्युटर बंद झाला नव्हता. कुणाकडून चुकून क्लिक होऊ नये म्हणून वाटी. आपोआप अपडेट होऊन सुरूबंद होऊ नये म्हणून इंटरनेट काढलेलं. वादळात वीज जाते म्हणून खाली बॅटरी, आणि गॅरेजमध्ये जनरेटर.

मी प्रोग्रॅमर आहे, मला गप्प बसवेना. म्हटलं, सेव्ह करून ठेवा. तर प्रोग्रॅम फक्त जोडलेल्या रेघा सेव्ह करायचा, अधांतरी नाही. म्हटलं, मशीन झोपवून ठेवा. "झोपवलेलं मशीन उठतंच असं नाही." फोटो काढा. काढले होते. "फोटोत रेघ दिसते. ओढून धरलेली नसते ती." मग म्हटलं, पुन्हा प्रोग्रॅम चालवून त्याच ठिपक्यावर दाबून ठेवा, हुबेहूब हेच दिसेल.

"दिसेल की," काका म्हणाले. "पण ती मी दाबलेली असेल, नागपूरकर."

वरण गार झालं होतं. तसंच जेवलो.

पुढे कंपनीनं ठरवलं की सगळं ब्राउझरवर न्यायचं. तिथे माउसचं बरंचसं ब्राउझरच बघून घेतो. काकांच्या कामाला काही अर्थ उरला नाही. त्यांच्या निरोपाचा केक कापला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काकांनी केकचा तुकडा बराच वेळ हातात धरून ठेवला आणि शेवटी माझ्या बशीत ठेवला. पार्टिशनच्या पलीकडची खुर्ची रिकामी झाली. मी उगाचच जोरात क्लिक करून बघायची. कुणी काही म्हणायचं नाही.

काकांची मुलगी ओहायोतल्या डब्लिनला असते, दातांची डॉक्टर आहे. इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, बोलते इंग्लिशमधून. तिनं माझा नंबर कुठूनतरी मिळवला.

"ही फेल. इन द ड्राइव्हवे," ती म्हणाली. "डिड ही टेल यू? ऑफ कोर्स नॉट." काका घरासमोर पडले होते, शेजाऱ्यांनी उचललं होतं. तिनं आपल्या घरात खालच्या मजल्यावर बाबांसाठी खोली तयार करून ठेवली होती, वर्ष झालं. बाबा येत नव्हते. कारण काय, तर एक जुना कॉम्प्युटर. "हू डज दॅट? इट्स अ कॉम्प्युटर!" आणि मग आवाज एकदम लहान झाला. "ताई, प्लीज. यू टॉक टू हिम."

मी काकांकडे गेले. गुडघ्याला पट्टा बांधून बसले होते. विचारलं, तिला सांगितलं नाहीत का, आत काय आहे ते? काका वाटीकडे बघत राहिले.

"तिला इंग्लिशमध्ये सांगावं लागेल," ते म्हणाले. "मी मनात जुळवून बघितलं. इंग्लिशमध्ये ते वेड्यासारखं वाटतं."

मराठीतही वाटत होतं, पण मी ते बोलले नाही. उलट माझ्या तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, चालू ठेवूनच नेऊ या. कॅम्पिंगला नेतात तसल्या मोठ्या बॅटऱ्या मिळतात, माझी व्हॅन आहे, मी चालवते. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी शेवटी परीक्षा पास झाले होते.

आम्ही पहाटे निघालो. मधल्या सीटवर ब्लँकेटं घालून कॉम्प्युटर बसवला आणि सीटबेल्ट लावला. पायापाशी बॅटऱ्या. मी म्हटलं, निदान माउस तरी काढून ठेवा. पण तो जुना, गोल पिनांचा, चालू मशीनवरून काढायचा नसतो. म्हणून काका शेजारी बसले, मांडीवर वाटी, वाटीत माउस, वर रुमाल. सगळा प्रवास ते तसेच बसून होते. डोंगर सुरू झाले. बोगद्यात शिरलं की कॉम्प्युटरची घूं घूं मोठी वाटायची, आणि आरशात मला त्यांचे डोळे मिटलेले दिसायचे.

वेस्ट व्हर्जिनियात एका रेस्ट एरियात थांबलो. काका उतरायला तयार नव्हते. मी कॉफी घेऊन आले तर एक म्हातारी अमेरिकन बाई उघड्या दारापाशी उभी. वायरी, बॅटऱ्या, हलकेच चाललेला पंखा बघून तिला ते दवाखान्यातलं यंत्र वाटलं होतं.

"इज दॅट युअर्स, हनी?" तिनं विचारलं.

"नो," काका म्हणाले. "माय वाइफ्स."

"इज शी गोइंग टू बी ऑलराइट?"

काकांनी मांडीवरचा रुमाल नीट केला. बाईनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि गेली. काका मला म्हणाले, "मी खोटं बोललो नाही हं." मला पुढचे काही मैल रस्ता नीट दिसत नव्हता.

डब्लिनला पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. मुलगी ड्राइव्हवेवर उभी होती. बाबांना मिठी मारायला धावली तर बाबांच्या हातात वाटी. बॅटरी मी उचलली, कॉम्प्युटर तिनं उचलला, आणि दोघींमध्ये वाटी सांभाळत काका, अशी आमची वरात खालच्या खोलीत गेली. वायर भिंतीत गेली. काकांनी कॉम्प्युटरचा पडदा जोडून चालू केला.

रांगोळी होती. रेघ होती.

मुलगी बघत राहिली. काकांनी घसा साफ केला, इंग्लिशमध्ये सुरुवात केली, थांबले, आणि मराठीत सांगितलं. ड्रायरचा बझर, आले हं, सगळं. मी खिडकीबाहेर बघत होते.

"आईनं अशी अर्धी ठेवली असती?" मुलगी म्हणाली. मराठीत. उच्चार वाकडे होते, पण मराठीत.

"नसती ठेवली," काका म्हणाले.

तिनं वाटीतला माउस उचलून टेबलावर ठेवला. मला वाटलं, काका ओरडतील. मीच ओरडणार होते. तिनं बाण हळूहळू नेला, रेघ त्याच्यामागून लांबत गेली, आणि उरलेल्या ठिपक्यावर तिनं बटण दाबलं.

दाबलं आणि तसंच धरून ठेवलं. त्याच माणसाची मुलगी ती. बापाकडे मान वळवून बघत होती, बोट खाली. काका नको म्हणाले असते तर ती बाजूला सरकली असती, रेघ तशीच राहिली असती, आणि कुणाची माफी मागावी लागली नसती. हे आम्हा तिघांनाही कळत होतं. काकांचे ओठ हलले. ते तिच्या बोटाकडे बघत होते, मेथीची जुडी धरून उभे राहायचे तसे.

"बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले. "तोच ठिपका."

तिनं बोट उचललं. रेघ जोडली गेली. कमळ पुरं झालं, आत गुलाबी रंग भरला गेला, आणि आम्ही डोळे भरून बघायच्या आत पडदा पुसला गेला. नुसते पांढरे ठिपके उरले, कोरे. रांगोळी पुरी झाली की सेव्ह करून दुसऱ्या दिवसासाठी नवे ठिपके मांडायचे, असं काकांनीच लिहून ठेवलं होतं. काकूंना सकाळी कोरी जागा लागायची. इतक्या वर्षांत ते विसरले होते.

मुलगी घाबरली. "बाबा, डिड आय..."

"नाही नाही. आहे, सेव्ह झाली आहे. तसंच लिहिलंय ते."

त्यांनी तिला उठवलं आणि स्वतः खुर्चीत बसले. माउसवर हात ठेवला. इतकी वर्षं जपला, पण त्याला हात लावताना मी त्यांना प्रथमच बघत होते. माउस थोडा डावीकडे नेला, थोडा उजवीकडे. ठिपक्यांमधून बाण एकटाच फिरला. मागे काहीही येत नव्हतं. त्यांनी तो पार कोपऱ्यापर्यंत नेऊन परत आणला.

"सुटल्याचं कळलं त्याला," काका म्हणाले.